गळक्या गच्चीचा शोध

बालाघाटच्या खेड्यांत मृगापूर्वी कवेलू फेरण्याची रीत जुनी आहे. ज्यांनी सिमेंटची सपाट गच्ची घालून तीवर रबराचे अथवा डांबरी आच्छादन पसरले, त्यांना वाटले, फेरणीची कटकट मिटली. पण आच्छादनही उन्हाने जीर्ण होते, सांध्यांत सुटते, आणि एके रात्री धान्याच्या कोठीवर थेंब पडू लागतात.

थेंब पडतो तेथेच वर छिद्र असते, ही समजूत वाचकांनी प्रथम टाकून द्यावी, अशी आमची विनंती आहे. पाणी आच्छादनाखाली शिरते, उतार धरून चालते आणि भेग भेटेल तेथे खाली उतरते. म्हणून मूळ छिद्र बहुधा उताराच्या वरच्या अंगास, चार हात दूरही असते. कठड्याचा सांधा, पन्हळीचे तोंड आणि नळ वर येतो ती जागा आधी तपासावी. पन्हळीत सागाची पाने अडकून तळे साचले असेल, तर तीही काढावी.

तरीही ठिकाण न सापडल्यास कोरड्या दिवशी खालच्या अंगापासून थोड्याथोड्या भागावर पाणी सोडावे व एकाने घरात बसून पाहावे. सारी गच्ची तुंबवण्याचा मोह मात्र आवरावा. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलोंचा भार! गंजके गज उघडे पडलेल्या छताखाली तर मुलांना निजवूच नये. तेथे ठिगळ नव्हे, जाणता गवंडी हवा. थेंब दिव्याजवळ पडत असल्यास विजेची मुख्य कळ आधी बंद करावी.

सायकलचे पंक्चर काढणाऱ्यास दुरुस्ती वेगळी शिकवावयास नको. जागा पूर्ण वाळवावी, घासून स्वच्छ करावी, आणि छिद्राच्या चोहोबाजूंस वीतभर अधिक असे, त्याच जातीचे ठिगळ त्याच जातीच्या चिकटद्रव्याने बसवावे. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. डांबर स्वस्त म्हणून सर्वत्र फासण्याची सवय आम्हांस मुळीच पसंत नाही. डांबरी आच्छादनावर ते ठीक. परंतु ईपीडीएम नावाच्या छताच्या रबराला खनिज तेलाचे वावडे आहे. डांबरातील तेलाने ते फुगते व मऊ पडते.

घरातील डाग लगेच चुन्याने झाकू नये. त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी. पुढील पावसानंतर ओल रेघेबाहेर गेली, तर दुसरे छिद्र अजून शोधावयाचे आहे.