१७ सप्टेंबरच्या आधीची गोष्ट

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या मुलांना १७ सप्टेंबर १९४८ ही मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्याची तारीख पाठ असते. झेंडावंदन होतं, भाषणं होतात, मुलं घरी जातात. चौथीच्या पुस्तकातल्या शिवबाच्या सवंगड्यांत मात्र हीच मुलं सहज जाऊन बसतात. मग या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ एवढे दूर का? संन्यासाआधीचे, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे म्हणजे व्यंकटेश खेडगीकर गुरुजी असलेले स्वामीजी मुलांना आधी भेटू द्या. सोबत निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं रातोरात गाव सोडणाऱ्या एखाद्या कल्पित मुलीची गोष्ट वर्गात वाचा. यातलं खरं किती, लेखकाचं किती, हे मुलांनीच विचारावं. आणि वही घेऊन गल्लीतल्या नव्वदीच्या आजीकडं त्या दिवसांच्या आठवणी ऐकायला जावं. साने गुरुजींनी मुलांसाठी चरित्रं लिहिली. मराठवाड्याच्या लढ्यावर तशी पुस्तकं आम्हाला हवी आहेत. शिक्षकांनो, लिहा, आम्ही छापू.