पंखांचा भाव आणि पडद्यासमोरची खुर्ची

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कोलंबस शहरात शरद ऋतूतला शनिवार उजाडतो तो फुटबॉलच्या नावाने. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. ज्यांना तिकीट मिळत नाही किंवा परवडत नाही, ती मंडळी आसपासच्या 'स्पोर्ट्स बार'कडे वळतात. भिंतीभर दूरचित्रवाणीचे पडदे, टेबलावर बिअरचे जग, मधोमध लालभडक सॉसमध्ये घोळवलेल्या कोंबडीच्या पंखांची थाळी आणि शेजारी हाडे टाकण्यासाठी रिकामे भांडे, हे तेथील नेहमीचे दृश्य. कोलंबस ही खरे तर राज्याची राजधानी. पण विद्यापीठालगतचा भाग कोणत्याही अमेरिकी विद्यापीठनगरीप्रमाणे विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर आणि त्यांच्या खिशावर चालतो. जिम डिसब्रो आणि स्कॉट लोअरी या दोघांनी १९८२ मध्ये याच परिसरात 'बफेलो वाइल्ड विंग्ज'चे पहिले दुकान थाटले. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात मिळणारे पंख कोलंबसमध्ये मिळत नव्हते, एवढेच त्यामागचे निमित्त होते. मूळ नावात 'वेक' हा आणखी एक शब्द होता. जाडे मीठ आणि शहाजिऱ्यासारखे दाणे लावलेला तो बफेलोकडचा पाव. पाव मागे पडला, पंख राहिले.

विद्यार्थ्यांना पंख परवडत, कारण ते कोणालाच नको असत. कोंबडीची छाती आणि तंगडी विकली की उरलेले पंख सूपच्या पातेल्यात जात. बफेलोतील 'अँकर बार'मध्ये १९६४ साली तेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून, लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवून, सेलरीचे दांडे आणि ब्लू चीजच्या सॉससोबत वाढले, असे सांगितले जाते. हा प्रसंग नेमका कसा घडला याविषयी त्या कुटुंबातच एकाहून अधिक आवृत्त्या प्रचलित होत्या. शिवाय त्याच शहरातील जॉन यंग या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने त्याच दशकात वेगळ्या पद्धतीचे पंख विकून या पदार्थावर आपला हक्क सांगितला होता. श्रेय कोणाचेही असो. टाकाऊ मालावर उभा राहिलेला हा धंदा होता आणि त्याचे सारे गणित स्वस्ताईवर बेतलेले होते.

हेच गणित पुढे बिघडले. कोंबडीला पंख दोनच असतात. प्रत्येकाचे टोक कापून टाकले की खाण्याजोगे दोन तुकडे निघतात, म्हणजे एका कोंबडीमागे चार. दहा तुकड्यांच्या एका थाळीसाठी अडीच कोंबड्या लागतात. पण पंखांना मागणी वाढली म्हणून कोणी जादा कोंबड्या वाढवत नाही. किती पक्षी वाढवायचे हे मुख्यतः छातीच्या मांसाचा खप ठरवतो. त्यामुळे पंखांचा पुरवठा जवळपास बांधलेला आणि मागणी मात्र मोकळी. राष्ट्रीय चिकन परिषदेच्या अंदाजानुसार फेब्रुवारी २०२५ मधील 'सुपर बोल'च्या निमित्ताने अमेरिकनांनी सुमारे १४७ कोटी पंख खाल्ले. घाऊक बाजारात पंख छातीच्या मांसापेक्षाही महाग झाले, अशी वेळ या धंद्याने एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. २०२१ मध्ये तर भाव इतके चढले की 'विंगस्टॉप' या दुसऱ्या साखळीने 'थायस्टॉप' नावाने मांड्या विकायला काढल्या.

'बफेलो वाइल्ड विंग्ज'ने या संकटाला दिलेली उत्तरे क्रमाने पाहिली तर धंद्याचे खरे स्वरूप उलगडत जाते. पक्षी आकाराने मोठे होऊ लागले तसे एका पाऊंडात बसणारे पंख कमी झाले. खरेदी वजनावर आणि विक्री नगावर, हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरू लागला. म्हणून २०१३ मध्ये नगाऐवजी लहान-मोठे वाटे विकण्यास प्रारंभ झाला. गिऱ्हाईक नाराज झाले आणि पुढे साखळी पुन्हा नगावर आली. २०१७ मध्ये मंगळवारच्या निम्म्या दराच्या सवलतीतून खरे पंख वगळून तेथे 'बोनलेस' पंख बसविण्यात आले. वसतिगृहातील मुलांसाठी मंगळवार म्हणजे एक वारच होता. त्या सवलतीचा मोडता हात त्यांनाच अधिक जाणवला असणार. सवलत नंतर 'एकावर एक मोफत' अशा रूपाने परतली. मे २०२४ मध्ये १९.९९ डॉलरांत हवे तेवढे खा, अशी योजना सोमवार आणि बुधवारसाठी जाहीर झाली. त्यातही 'हवे तेवढे' होते ते बोनलेस पंख आणि बटाट्याचे फ्राइज.

'बोनलेस पंख' हा पंख नसतोच. छातीच्या मांसाचे तुकडे पिठात बुडवून तळायचे आणि त्याच सॉसमध्ये घोळवायचे, एवढीच त्याची कृती. मार्च २०२३ मध्ये शिकागोतील एका ग्राहकाने या नावावरून साखळीविरुद्ध खटला भरला तेव्हा कंपनीने समाजमाध्यमावर त्याची थट्टा केली. आमच्या हॅम्बर्गरमध्ये हॅम नसते आणि बफेलो पंखांत बफेलोही नसतो, असा त्या उत्तराचा आशय होता. विनोद बरा होता. पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. ओहायोतील हॅमिल्टन येथील एका अन्य उपाहारगृहात बोनलेस पंख खाताना हाड लागून एका ग्राहकाची अन्ननलिका फाटली होती. त्या दाव्यात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी उपाहारगृहाच्या बाजूने कौल दिला. 'बोनलेस' हे पाककृतीचे वर्णन आहे, हाड नसल्याची हमी नव्हे, असे बहुमताने ठरविले. हाड नसेल ही सामान्य माणसाची अपेक्षा वाजवी आहे की नाही, हे ज्युरीला ठरवू द्यायला हवे होते, असे अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. ते अधिक पटण्याजोगे आहे.

पंख बदलला, वाटा बदलला, वार बदलला. मालकही बदलला. नोव्हेंबर २००३ मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या या कंपनीवर पुढे एका गुंतवणूक फंडाने नफ्यासाठी दबाव आणला. जून २०१७ मध्ये संचालक मंडळात फंडाचे उमेदवार निवडून आले आणि दोन दशके धुरा वाहणाऱ्या मुख्याधिकारी सॅली स्मिथ यांनी निवृत्ती जाहीर केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्जासह सुमारे २.९ अब्ज डॉलरना कंपनी 'आर्बीज'च्या गटाकडे गेली. हाच गट आज 'इन्स्पायर ब्रँड्स' म्हणून ओळखला जातो आणि आपल्याकडे परिचित असलेले 'डंकिन' व 'बास्किन-रॉबिन्स' याच छत्राखाली आहेत. एवढ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही, ती म्हणजे भिंतीवरचा पडदा. ग्राहक पैसे मोजतो तो पंखासाठी, असे मेनूकार्डावर दिसते. प्रत्यक्षात तो मोजतो त्या पडद्यासमोर तीन तास बसण्याच्या हक्कासाठी. पंख हे त्या खुर्चीचे भाडे आहे.

आणि त्या खुर्चीला आता दुसरा ग्राहकही मिळाला आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील संघराज्यीय बंदी रद्द केली. सव्वा वर्षातच, सप्टेंबर २०१९ मध्ये, 'बफेलो वाइल्ड विंग्ज'ने 'बेटएमजीएम'च्या प्रवर्तकांशी भागीदारी जाहीर केली. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून सट्टा कायदेशीर आहे. वयाची अट २१ वर्षांची. परंतु पदवी वर्गातील बहुतांश मुले या मर्यादेच्या अलीकडची. महाविद्यालयीन क्रीडा संघटना 'एनसीएए'ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १८ ते २२ वयोगटातील ५८ टक्के तरुणांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे क्रीडा सट्टा खेळल्याचे सांगितले. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते. ज्यांच्यावर पैसे लागतात ते खेळाडूही त्याच वर्गात बसतात, हा यातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. खेळाडूंना धमक्या येऊ लागल्यानंतर ओहायोने मार्च २०२४ पासून एकेका महाविद्यालयीन खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवर पैसे लावण्यास मनाई केली. संघांच्या जय-पराजयावरील सट्ट्याला ही मनाई लागू नाही.

या गर्दीत भारतीय चेहरेही दिसतात. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत तीन लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि पुण्या-मुंबईतून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांचा ओघ जुना आहे. हे विद्यार्थी अशा ठिकाणी ग्राहक होऊ शकतात, वेटर होऊ शकत नाहीत. कारण विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतचे काम आवारातच करावे लागते आणि बाहेरच्या उपाहारगृहातील नोकरी त्यात बसत नाही. त्यामुळे वीस डॉलरची थाळी त्यांच्या लेखी आवारातल्या दोन तासांच्या मजुरीइतकी ठरू शकते.

टेबलावर वाढणारा असतो तो बहुधा अमेरिकी विद्यार्थी. टिपवर जगणाऱ्या कामगारासाठी संघराज्यीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबलेले आहे. ओहायोत ते २०२६ मध्ये ५.५० डॉलर आहे, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण किमान वेतनाच्या निम्मे. वेतन आणि टिप मिळून पूर्ण किमान वेतन भरले नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. त्यावरचे सारे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. घरच्या मैदानावरील सामने हंगामात सात-आठ. त्या शनिवारी टेबले भराभर रिकामी होतात, भरतात आणि टिप चांगली जमते. 'हवे तेवढे खा' या दिवसाचे मात्र वेगळेच. चौघेजण सामना संपेपर्यंत जागा अडवून बसतात, थाळ्या पाच वेळा भरून मागतात आणि बिल होते माणशी वीस डॉलरचे. टिप मोजली जाते ती त्या बिलावर, फेऱ्यांवर नव्हे.