मेजर, बाटली मिळंल का?

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. नेहमीच्या खाण्यापिण्याच्या आणि भटकंतीच्या गप्पा वाचायला आला असाल तर पुढच्या वेळी या, रागावणार नाही. नातेवाइकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण निम्मा लेख त्यांच्याच कृपेने सुचलेला आहे. (फोन करून भांडायचं असेल तर दुपारी तीननंतर करा, त्याआधी मी कामात असते.)

माझा थोरला भाऊ १९८९ साली पायदळात शिपाई म्हणून भरती झाला आणि २०१७ साली सुभेदार होऊन घरी आला. अठ्ठावीस वर्षं. या अठ्ठावीस वर्षांत तो जेव्हा जेव्हा सुट्टीवर आला, तेव्हा लग्न असो, बारसं असो की कुणाचं तेरावं, त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले. मेजर झाला का? पगार किती? एके सत्तेचाळीस चालवली का? आणि मग बाजूला घेऊन, हळू आवाजात, बाटली मिळंल का?

दादा स्वभावाने गप्प. हसतो आणि "चाललंय" म्हणतो. मी गप्प नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून या प्रश्नांची उत्तरं एकदाची मीच देऊन टाकते. "अहो, कौतुकानं विचारतात, कशाला मनावर घ्यायचं?" असं आमचे हे म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाचं कौतुक असतं त्याचं उत्तर आपण ऐकून घेतो. इथे वर्षानुवर्षं तेच प्रश्न, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढच्याचा हात जिलबीच्या ताटाकडे. आपल्याला फौजी हवा असतो तो १५ ऑगस्टच्या झेंड्याखाली. त्याच्या नोकरीची माहिती नको असते. आणि या न-माहितीची किंमत आपण मोजत नाही, दुसरंच कुणीतरी मोजतं.

"मेजर झाला का?"

आमच्या सातारा भागात अंगावर गणवेश असलेला प्रत्येक जण मेजर. ऐकायला गोड वाटतं. आता जरा हुद्दे बघू. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार ही एक पायरी. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. ही सगळी भरतीच्या मैदानातून आत गेलेली माणसं. अधिकाऱ्यांचा दरवाजाच वेगळा. खडकवासल्याची एनडीए किंवा दुसरी परीक्षा, मुलाखत, अकादमी, आणि मग पहिल्याच दिवशी लेफ्टनंट. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर. म्हणजे पंचविशीतला लेफ्टनंट पन्नाशीला टेकलेल्या सुभेदाराचा वरिष्ठ असतो. पण तोच लेफ्टनंट त्या सुभेदाराला "साहब" म्हणतो, कारण पलटण कशी चालते ते आपण याच्याकडून शिकणार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला जे कळतं ते आमच्या मामांना कळत नाही.

शिपायाला मेजर म्हणण्यात मान नाही. त्यात "तू जो आहेस तो काही सांगण्यासारखा नाही" असं दडलेलं आहे. मराठा पलटणीतल्या यशवंत घाडगेंना १९४४ साली इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते नाईक होते. १९४५ साली तिथेच तो मिळवणारे नामदेव जाधव शिपाई होते. १९६५ च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद हवालदार होते. यांना कुणी बढती द्यायची गरज आहे का?

आणि हुद्दा तर सोडाच, दल कुठलं तेही आपल्याला कळत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्या आठवड्यात मला आलेल्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये "आपले लष्करी जवान" असं लिहिलेलं. ते सीआरपीएफचे होते. सीआरपीएफ गृहमंत्रालयाखाली येते, लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. "काय फरक पडतो, देशासाठीच गेले ना?" फरक पडतो! केंद्राने १ जानेवारी २००४ पासूनच्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली तेव्हा त्यातून सैन्याला वगळलं, सीआरपीएफ-बीएसएफला नाही. ती माणसं त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढली, तेव्हा मेणबत्त्या लावणारे आम्ही कुठे होतो? आम्हाला मुळात ते वेगळे आहेत हेच माहीत नव्हतं.

"पगार किती? तसं सगळं फुकटच की!"

घ्या आकडे. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून सुरुवातीचे जे मूळ पगार ठरवले, त्यात शिपायाला २१,७०० रुपये, हवालदाराला २९,२००, सुभेदाराला ४४,९००. लेफ्टनंटला ५६,१००, मेजरला ६९,४००. वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. शिपायाचा मूळ पगार सीआरपीएफच्या कॉन्स्टेबलइतकाच. शिवाय सैनिकी सेवेतल्या खास हालअपेष्टांसाठी म्हणून मिलिटरी सर्व्हिस पे नावाची एक रक्कम असते. ती ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० आणि सुभेदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ५,२००. सियाचेनचा भत्ता २०१७ पासून अधिकाऱ्याला ४२,५०० आणि जवानाला ३०,०००.

अधिकाऱ्यांना जास्त मिळू नये असं मी म्हणत नाही. कारगिलमध्ये विक्रम बत्रा, मनोज पांडे यांच्यासारखी पोरं सगळ्यात पुढे होती, आणि जबाबदारीचा पगार वेगळा असायलाच हवा. पण तो मूळ पगारात वेगळा आहेच की! हालअपेष्टांचे पैसे तिपटीने वेगळे कसे? थंडी हुद्दा बघून वाजते का? हा प्रश्न जवान बरीच वर्षं विचारताहेत. आपण मात्र "पगार किती" विचारून आकडा ऐकतो, मनातल्या मनात आपल्या पोराच्या पॅकेजशी ताडून बघतो आणि विषय संपवतो.

फुकटचंही सांगते. रेशन मिळतं, बराकीत खाट मिळते. फॅमिली क्वार्टरसाठी रांग असते, आणि फील्डला पोस्टिंग असलं की कुटुंब नेताच येत नाही. अठ्ठावीस वर्षांत वहिनी दादाबरोबर सलग किती राहिली, हे एकदा तिला विचारा. दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण आणि तहसील कचेरीतले वारसनोंदीचे हेलपाटे तिने एकटीने काढलेत. त्या कचेरीत तिला कुणी "मेजरची बायको" म्हणून खुर्ची दिली नाही.

"एके चालवली का? किती मारले?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दादाच्या काळात १९९८ पासून हातात आली ती इन्सास, ५.५६ मिलिमीटरची. कारगिलच्या थंडीत तिने त्रास दिला. मग २०१९ मध्ये अमेरिकेची सिग ७१६ मागवली, आणि २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून जास्त एके २०३ अमेठीजवळ कोरव्याला बनवायचं ठरलं. झालं समाधान? रायफल घरी आणता येत नाही. ती कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, नंबराने जमा असते. सही करून घ्यायची, चिंधी-तेलाने साफ करून परत द्यायची. एक काडतूस जरी हरवलं तरी चौकशी बसते. सिनेमात दाखवतात तसं खांद्यावर टाकून कुणी पाटलाच्या वाड्यावर जात नाही.

विचारायचंच असेल तर बुटांबद्दल विचारा. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा एक अहवाल संसदेत मांडला गेला. सियाचेन-लडाखसारख्या उंचीवरच्या सैनिकांना स्नो गॉगल्सचा मोठा तुटवडा होता, आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात नवे बूट न मिळाल्याने जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले, असं त्यात नोंदवलेलं आहे. बर्फात गॉगल नसला तर डोळे जातात, बूट नसला तर बोटं. त्यावर आमच्या कुठल्या लग्नात चर्चा झाली? एके सत्तेचाळीसवर मात्र वरात निघेपर्यंत.

आणि "किती मारले?" हे विचारू नका. विनंती नाही, दम समजा. एका वास्तुशांतीला एका गृहस्थांनी पंगतीत, मोठ्याने, हसत हसत विचारलं होतं. दादा ताटावरून उठला, हात धुवायला गेला तो परत आलाच नाही, बाहेर गाडीत जाऊन बसला. त्याने कुणाला मारलं की नाही मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. त्याच्या शेजारचे दोघे कुठे आणि कसे गेले ते माहीत आहे, कारण ते त्याने एकदा आपणहून सांगितलं. तेवढं ऐकायची तयारी असेल तरच त्याच्या शेजारी बसावं.

"बाटली मिळंल का?"

नाही. सीएसडी, म्हणजे १९४८ साली सुरू झालेलं ते कॅन्टीन खातं (मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे), फौजीच्या घरात साबण, डाळ, कुकर स्वस्तात यावा म्हणून आहे. दारूचा कोटा महिन्याचा ठरलेला, हुद्द्याप्रमाणे. तो बाहेर देणं-विकणं नियमात बसत नाही, आणि पकडला गेला तर शिक्षा कार्डवाल्याला होते, पिणाऱ्याला नाही. चारशे रुपये वाचवण्यासाठी तुम्ही त्याची अब्रू मागताय. असो.

जे कुणी विचारत नाही

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आमच्या नात्यातला एक मुलगा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचेत. मोबाइलवर बघून जगातल्या यच्चयावत रायफली त्याला पाठ आहेत. त्याला विचारलं, "बाळा, चार वर्षांनंतर काय?" म्हणाला, "बघू की मावशी."

बघू की! हे त्याला घरात कुणी सांगितलेलंच नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. भरती चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, पण त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी आकडा ४०,०००. शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीचे घरी. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र दलांत वगैरे राखीव जागा जाहीर झाल्या, हेही खरं. दादाला शिपाई म्हणून पंधरा वर्षांत पेन्शनचा हक्क मिळाला होता. हा मुलगा पंचविशीच्या आत परत येऊ शकतो. योजना चांगली की वाईट यावर भांडा, जरूर भांडा. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचेनवर गेला, तेव्हा कुटुंबाला ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान वगैरे मिळतं, आयुष्यभराची पेन्शन मात्र नाही, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पोरगं गेल्यावर!

भरतीच्या अकॅडमीवाला हे सांगणार नाही, त्याला फी हवी आहे. "आत सेटिंग आहे" म्हणत एजंट घरची जमीन विकायला लावतो, तोही सांगणार नाही. सांगायचं काम मामा-काका-आत्यांचं होतं. पण आपण दादाला तीस वर्षं बाटली मागत बसलो, नोकरीच्या अटी कधी विचारल्याच नाहीत. मग पुढच्या पोरांना सांगणार काय?

आमच्या सोसायटीच्या गेटवर जे काका बसतात ते सतरा वर्षं तोफखान्यात होते. चाळिशीच्या आत निवृत्त, पोरं शाळेत, म्हणून बारा तासांची ड्यूटी. त्यांना कुणी मेजर म्हणत नाही. "ओ वॉचमन, गाडी काढा" म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपच्या फोटोवर तिरंगा असतो. गणवेश अंगावर आहे तोवर शिपायाचा मेजर करायचा, आणि उतरला की हवालदाराचा वॉचमन. आपलं सैन्यप्रेम एवढ्यातच मावतं.

तेव्हा येत्या लगीनसराईत दादा भेटेल तेव्हा "सुभेदार" म्हणा. घरात भरतीला निघालेला मुलगा असेल तर त्याला दादासमोर बसवा आणि पेन्शन, रजा, विमा, चार वर्षांनंतरचं शिक्षण, सगळं विचारून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे तेही विचारा, त्याला तिथली टेबलंसुद्धा माहीत आहेत. या विषयावर तो गप्प बसत नाही, तासभर बोलतो. मी ऐकलंय.

आणि हो, बाटली मिळणार नाही.