नोट मोडली, पैसा तेवढाच

बँकेत काउंटरवर असताना पाचशेची नोट देऊन शंभराच्या पाच नोटा मागणारे रोज येत. त्यांतला एकही जण आपण श्रीमंत झालो, अशा समजुतीने परत गेला नाही. शेअर बाजारात मात्र माणसे तशी समजूत करून घेतात. माझे एक निवृत्त स्नेही परवा आनंदाने म्हणाले, "अहो, माझ्या शंभर शेअर्सचे हजार झाले!" झाले होते खरे, पण भावही एक दशांशावर आला होता.

समभागांचे विभाजन म्हणजे एवढेच. जुलै २०२२ मध्ये टाटा स्टीलने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले. हजाराच्या आसपासचा भाव शंभराच्या आसपास आला. कारखाने तेच, कर्ज तेच, आणि भागधारकाचा हिस्साही तेवढाच.

मग कंपन्या हे करतात कशाला? भाव आवाक्यात आला की लहान गुंतवणूकदार येतो, उलाढाल वाढते. हेतू गैर नाही. फसगत होते ती आपल्या मनाची. मंडईत पाव किलोचा भाव ऐकून आपण भाजी स्वस्त म्हणत नाही; किलोचा भाव विचारतो. शेअर घेताना मात्र एका शेअरमागे कंपनी कमावते किती, हे विचारायचे राहून जाते.

आयआरसीटीसीने ऑगस्ट २०२१ मध्ये विभाजन जाहीर केले. बाजारात तेजी होतीच. ऑक्टोबरपर्यंत भाव दुपटीच्याही वर गेला आणि विभाजन होण्याआधीच काही दिवसांत गडगडला. शेवटी शेवटी घेणाऱ्यांच्या हाती तुकडे आले, नफा नाही. उलट, जून २०२३ मध्ये एमआरएफचा एक शेअर लाख रुपयांवर गेला, तोवर त्या कंपनीने शेअरचे विभाजन केलेलेच नव्हते.

लाभांशाचीही हीच गोष्ट. तो दर्शनी मूल्यावर मोजतात. 'शंभर टक्के लाभांश' म्हणजे दहाच्या शेअरवर दहा रुपये, एकाच्या शेअरवर एकच रुपया.

भविष्य निर्वाह निधीची उरलेली रक्कमही त्याच शेअरमध्ये घालायचे माझ्या स्नेह्यांनी ठरवले होते. कारण एकच: 'आता तो स्वस्त झालाय.' मी त्यांना विचारले, "गेल्या महिन्यात हजाराला तुम्ही तो घेतला असता का?" ते म्हणाले, "छे, महाग होता." मग आज शंभरालाही तो तेवढाच महाग आहे.