आधी शिक्षकाला बांधावर न्या

माध्यमिक शाळेतील विज्ञान-गणिताची सांगड शेतीशी आणि अन्नव्यवहाराशी घालावी म्हटले की पहिला आक्षेप पालक घेतात, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. पोरं शेतीतून सुटावीत म्हणून आम्ही त्यांना शाळेत घालतो, तुम्ही त्यांना परत तिकडेच का वळवता? या भीतीमागे जातीचा इतिहास आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी काही तास शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. बापाचा धंदा मुलाच्या माथी मारणारे शिक्षण म्हणून लोकांनी ती झिडकारली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. ते योग्यच झाले. पण त्या योजनेने मुलाला शाळेबाहेर काढले होते. इथे शेताला विज्ञानाच्या तासाला बोलवायचे आहे. जातिव्यवस्थेवर कठोर आसूड ओढणाऱ्या जोतीराव फुले यांनीच 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. शेतीचे शास्त्र कळणे म्हणजे शेतीला जखडले जाणे नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: दहावीचा अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात ही भर कशाला? हा आक्षेप शेतीला जादा विषय मानतो, आणि तिथेच तो फसतो. दहावीत विस्थापन अभिक्रिया शिकवावीच लागते. द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण करताना त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, फवारले तर पाने करपतील. समीकरण तेच, तासही तोच. फक्त उत्तर चुकले तर काय होते हे मुलाला दिसते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असते, तर एकरी 50 किलो नत्रासाठी किती गोण्या लागतील? एकरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे किती लिटर पाणी? टक्केवारी आणि घनफळ शिकवायला यापेक्षा वेगळे काय हवे?

तिसरे मत असे की हे काम कृषी निदेशकाचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने करता करता शिकण्याची वाट शाळांना दाखवली, तिचे मोल मोठेच आहे. मात्र निदेशकाचा तास एकीकडे आणि विज्ञानाचा तास दुसरीकडे राहिला, तर विज्ञानाचा शिक्षक खडू-फळ्यापुरताच उरतो. मुलाच्याही मनात हातांचे काम आणि डोक्याचे काम यांची जुनी फाळणी कायम राहते.

म्हणून प्रशिक्षण विज्ञान-गणिताच्या शिक्षकालाच हवे, आणि ते सभागृहातले दोन दिवसांचे नको. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे व जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे हाताशी आहेत. पेरणीपासून बाजारापर्यंत एक हंगाम शिक्षकाने टप्प्याटप्प्याने तिथे जावे. मातीचा नमुना घ्यावा, तिचा सामू आणि सेंद्रिय कर्ब मोजावा, पर्जन्यमापकाची नोंद ठेवावी आणि प्रत्येक भेटीनंतर आपल्याच पाठ्यपुस्तकातील एक पाठ नव्याने लिहावा. शहरी शिक्षकालाही यातून सुटका नाही. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर, इथिलीनने पिकणारी केळी, शीतगृहाचे तापमान हे सगळे त्याच्या विद्यार्थ्याच्या ताटाशी जोडलेले आहे. प्रशिक्षणाइतकीच गरज आहे ती परीक्षेने साथ देण्याची. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत मृदा आरोग्य पत्रिका वाचायला लावणारा प्रश्न आला नाही, तर उत्तम प्रशिक्षित शिक्षकही वर्षभरात जुन्या वहीकडे वळेल. शासनाने नवा विषय काढू नये, नवे पुस्तकही छापू नये. शिक्षकाला एक हंगाम द्यावा आणि प्रश्नपत्रिका बदलावी.