बैलालाही शनिवार

एके काळी अलिबाग, पेण, रोहे या पट्ट्यात तेल आणायला निघालेल्या माणसाला आज वार कोणता, हे माहीत असावं लागे. सोमवार महादेवाचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे तेली होते, तसे शनिवारी बंद ठेवणारेही होते. हे शनिवारवाले मराठीच बोलत, आडनावंही गावांवरूनच लावत: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. पण शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. गावाने त्यांना नावच देऊन टाकलं, शनवार तेली.

हे बेने इस्रायल, महाराष्ट्रातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. पोथ्या समुद्राने नेल्या, हिब्रू विसरायला झाली, प्रार्थनांपैकी एक ‘शमा’ तेवढी ओठांवर राहिली. सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, थोडे सणवार आणि शनिवार, एवढ्या शिदोरीवर हा समाज शतकानुशतकं टिकला.

मला यात नवल वाटतं ते शनिवारचं. सुंता घरात होते, पथ्यपाणी स्वयंपाकघरात सांभाळता येतं. धंदा बंद ठेवणं मात्र चारचौघांतली गोष्ट. गिऱ्हाईक दारातून परत जाणार, कदाचित दुसऱ्या तेल्याकडे जाणार. हातावर पोट असलेल्या माणसांनी आठवड्यातल्या एका दिवसाच्या कमाईवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडलं, ते कशाच्या बळावर?

एक उत्तर त्या नियमातच आहे. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी विश्रांतीची आज्ञा एकट्या माणसाला उद्देशून नाही. तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही, चाकराने नाही, दासीने नाही, गुरांनी नाही आणि तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानेही नाही, अशी ती यादी आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तर बैल आणि गाढव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेल्याच्या घरात हे कलम किती नेमकं बसत असेल! डोळ्यांवर झापडं बांधून सहा दिवस गोल फिरणाऱ्या बैलाची मान सातव्या दिवशी मोकळी. त्यासाठी बैलाला दमल्याचा पुरावा द्यावा लागत नव्हता आणि मालकालाही ‘या आठवड्यात ऑर्डर जास्त आहेत’ म्हणायची सोय नव्हती.

दुसरं उत्तर गावात आहे. शनिवारी यांच्याकडे तेल मिळत नाही हे एकदा सगळ्यांना ठाऊक झालं की गिऱ्हाईक शुक्रवारीच बुधला घेऊन येतं. तेल्याच्या विश्रांतीला गावाची संमती होती. गावालाही ही रीत परकी नव्हती, कारण सोमवारी बैलाला औताला जुंपायचं नाही, असा दंडक आपल्याकडे अनेक ठिकाणी होता, काही गावांत अजून आहे. कोकणात मोडा पाळतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी शेतात नांगर चालवायचा नाही. कारण देवाचं सांगितलं जातं, फायदा बैलाला आणि त्याच्या मागे चालणाऱ्याला होतो.

हे सगळं आठवायचं कारण असं, की सध्या ओळखीपाळखीत जो तो रविवारी फोन बंद ठेवण्याचा संकल्प सोडतो आहे. संकल्प चांगला आहे. पण सकाळी दहाच्या सुमारास तो डळमळायला लागतो आणि त्याबद्दल माणसं स्वतःलाच दोष देतात. मनावर ताबा नाही, व्यसन लागलंय, वगैरे. मला हे पटत नाही. फोन बंद केलेल्या माणसाच्या रविवारी नेमकं काय होतं ते पाहा. सोसायटीच्या फाटकावर पाहुणा उभा असतो आणि वॉचमनला ॲपवर होकार हवा असतो. भाजीवालीकडे सुटे नसतात आणि आपल्या खिशातही नसतात. शाळेच्या ग्रुपवर सोमवारी न्यायच्या साहित्याची यादी रविवारी रात्री येते. ऑफिसातले साहेब ‘घाई नाही, सवडीने बघ’ असं लिहून फाइल पाठवतात आणि ही सवड आजच काढायची असते, हे दोघांनाही माहीत असतं. घाण्याचे बैल आपणही आहोतच, फरक एवढाच की आपली सुट्टी आपली एकट्याची असते. एकजण थांबलाय आणि बाकीचे फिरताहेत, अशा घाण्यात थांबणाऱ्यालाच धक्के बसतात.

एकेकट्याच्या सुट्टीचं काय होतं, याचा फार मोठा प्रयोग सोव्हिएत रशियात होऊन गेला आहे. 1929 मध्ये तिथल्या सरकारने सात दिवसांचा आठवडाच मोडीत काढला. कारखान्यांची यंत्रं एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून पाच दिवसांचं चक्र आणलं: चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि ज्याच्या त्याच्या रंगाच्या दिवशी त्याला सुट्टी. हिशेबाने पाहिलं तर सुट्ट्या वाढल्या, सातातून एकीऐवजी पाचातून एक. पण नवरा पिवळा आणि बायको लाल, असं झालं की दोघांनाही रिकाम्या घरात बसावं लागे. मित्र कामावर, मुलं शाळेत, मग त्या सुट्टीचं करायचं काय? लोक वैतागले. सततच्या वापराने यंत्रंही बिघडायला लागली. 1931 मध्ये सगळ्यांना एकत्र सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि 1940 मध्ये रविवारासकट जुना आठवडा परत आणावा लागला.

आपल्याकडचा रविवार मागून मिळवलेला आहे आणि तो मागणाऱ्यांना ही गोष्ट नीट कळलेली होती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केलेलं होतं. त्या काळी सणासुदीला गिरणी बंद राही, पण ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सप्टेंबर 1884 मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीला जागा मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो आमचाही आहे, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचं सांगतात. तो त्यांनी केला असो वा नसो, मुंबईच्या गिरणगावाला तो शोभून दिसतो.

या मागणीतला महत्त्वाचा शब्द ‘दर रविवारी’ हा आहे. ज्याला जेव्हा सोयीचं, तेव्हा एक दिवस, असं लोखंडे म्हणाले नाहीत. सगळ्यांचा एकच दिवस आणि त्या दिवशी यंत्र बंद. लालबागला आमचे एक नात्यातले मामा होते, गिरणीत उभी हयात गेलेली. ते म्हणायचे, “अरे, रविवारी भोंगाच नाही, मग उशिरा उठायची लाज कसली?” भजनी मंडळ, कबड्डीचे सामने, नाटकाच्या तालमी, गावाकडच्या मंडळाची बैठक, हे सगळं रविवारी उभं राहिलं, कारण सगळे एकदम मोकळे होते.

हा एकत्रपणा हळूहळू सुटत गेला आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, कारण विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार लावून दिले गेले. कारखान्यातल्या बापाला गुरुवार, शाळेतल्या मुलाला रविवार. दुकानांचंही तसंच. 1948 च्या दुकाने कायद्यानुसार आठवड्यातून एक दिवस दुकानाचं शटर खाली असे. कुठली पेठ कुठल्या वारी बंद, हे घराघरांत पाठ असायचं. 2017 च्या नव्या कायद्याने वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली. नोकरांना आठवड्याला एक सुट्टी मिळाली पाहिजे, अशी अट त्यात आहेच, पण ती पाळीपाळीने. म्हणजे माणसाला सुट्टी मिळते, दुकानाला मिळत नाही. आणि दुकान चालू आहे म्हटलं की सुट्टीवरच्या माणसालाही फोन येतो, ‘अरे, ती चावी कुठे ठेवलीस?’

दुकान, कारखाना यांच्याबद्दल बोलताना एक घाणा हमखास विसरला जातो, तो घरातला. रविवार हा आपल्याकडे खाण्याचा वार. सकाळी पोहे किंवा इडली, दुपारी मटण नाहीतर मसालेभात, चारला चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत, आणि ‘रात्री हलकंच कर काहीतरी’. घरातले सगळे विश्रांती घेत असतात आणि ज्या बाईच्या जिवावर ही विश्रांती चाललेली असते, तिचा रविवार सोमवारपेक्षा जड असतो. शनिवार पाळणाऱ्या ज्यू घरांत शनिवारी चूल पेटवायची नाही, रांधायचं नाही; जे करायचं ते शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी. शुक्रवारची धावपळ बायकांच्याच वाट्याला येत असणार हे कबूल, पण निदान एक दिवस कोणी ‘गरम करून वाढ’ म्हणू शकत नाही. आपल्याकडे श्रावणात शीतला सप्तमीला चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचं अन्न खाण्याची चाल आहे. वर्षातून एकदा देवीच्या नावाने जे जमतं, ते महिन्यातून एकदा आईच्या नावाने जमायला काय हरकत आहे?

शनवार तेल्यांचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईला येऊ लागले. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवी भागात त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. माणसं फौजेत, सुतारकामात, कचेऱ्यांत शिरली. शिक्षण आलं, हिब्रू परत आली, पोथ्या परत आल्या. पण नोकरीच्या जगात शनिवार हा कामाचाच वार होता, आणि काही नसताना गावात टिकलेला शनिवार सगळं मिळाल्यावर शहरात पाळणं अवघड होऊन बसलं. घाणा स्वतःचा होता आणि गाव ओळखीचं होतं तोवर तो सोपा होता. पुढे यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे शनिवारी बहुतेक शहरांतल्या बसगाड्या उभ्या असतात, सरकारी कचेऱ्या बंद असतात, एल अल कंपनीची विमानंही उडत नाहीत. कर्मठ लोक त्या दिवशी फोनला हात लावत नाहीत, विजेचं बटणही दाबत नाहीत, काही इमारतींतली लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. या सक्तीचा जाच होणारे लोकही तिथे पुष्कळ आहेत आणि शनिवारी बस धावावी की नाही यावरून वाद सतत चालू असतात. तरी एक गोष्ट खरी, की तिथे थांबणारा माणूस एकटा पडत नाही.

आपल्याला धर्माची सक्ती नको आणि सरकारचीही नको. मग जमेल का? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने थोडं जमवून दाखवलं आहे. 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. या वार्तेची देशभर चर्चा झाली ती ‘मोबाइलमुक्ती’ म्हणून. मला त्यातला भोंगा महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांचे फोन एकदम बंद असतील, तर आपल्या बंद फोनमध्ये काय चाललं असेल, ही रुखरुखच उरत नाही.

शहरात भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न आहेच. पण त्या जुन्या यादीकडे पुन्हा पाहिलं तर एक सोपी सुरुवात दिसते. त्या आज्ञेत स्वतःला मिळणाऱ्या विश्रांतीला एक ओळ आहे, आणि बाकी सगळी यादी आपण कोणाला कामाला लावायचं नाही याची आहे. आपण रविवारी फोन बंद ठेवू न ठेवू, पण दुसऱ्याचा फोन वाजवायचा नाही, एवढं तर हातात आहे. कामाचा निरोप सुचला तर लिहून ठेवावा आणि सोमवारी सकाळी जाईल अशी वेळ लावून द्यावी, ही सोय बहुतेक मेलमध्ये आहे. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवण्याऐवजी शनिवारीच आणावी, म्हणजे भर पावसात दुचाकीवरून जिना गाठणाऱ्या एका मुलाची एक फेरी वाचेल. शाळेच्या ग्रुपवर यादी शुक्रवारी टाकावी. घरकाम करणाऱ्या मावशींना रविवारी ‘फक्त भांडी घासून जा’ म्हणू नये. रात्री खिचडी मुलांनी टाकावी.

लोखंड्यांनी सुट्टी मागितली ती मालकांकडे. मालक कोण, ते तेव्हा स्पष्ट दिसत होतं. आज दिवसभरात कितीतरी वेळा आपण नोकर असतो आणि कितीतरी वेळा, बोटाच्या एका टिचकीने, कोणाचे तरी मालक झालेलो असतो. नोकर म्हणून सुट्टी मागताना मालक म्हणून ती देऊनही टाकावी, म्हणजे मागणीला जोर येतो. माझ्यापुरती सुरुवात मी या सदरापासून करतो. लेखावर काही सुचवायचं असेल, भांडायचं असेल तर जरूर लिहा, पण सोमवारी. आज मी उत्तर देणार नाही, आणि तुम्हीही ते लिहायला बसू नये.