डार्बी क्रीककाठचं ओंडक्यांचं घर सांभाळू या

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, अप्पर डार्बीत, डार्बी क्रीकच्या काठावर दोन खोल्यांचं एक ओंडक्यांचं घर आहे. लोअर स्वीडिश केबिन. सतराव्या शतकात स्वीडिश वसाहतकऱ्यांनी ते बांधलं असं मानतात. अमेरिकेत टिकून राहिलेल्या अगदी जुन्या ओंडक्यांच्या घरांत त्याची गणना होते. आज तिथे छोटं संग्रहालय आहे आणि त्याची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. या भागातल्या आणि नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती आहे: हे घर सांभाळायला आपणही हातभार लावू या.

आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. १६३८ मध्ये स्वीडनची जहाजं आजच्या विल्मिंग्टनपाशी लागली. ही भूमी लेनापे लोकांची. स्वीडिशांबरोबर फिनही आले. १६५५ मध्ये डचांनी वसाहत घेतली; सत्ता गेली, माणसं मात्र इथेच राहिली आणि त्यांची घर बांधायची रीतही राहिली. आडवे ओंडके, टोकांना खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, फटींत माती. इंग्रज वसाहतकऱ्यांकडे ही रीत नव्हती. पुढे ती देशभर पसरली. या घरातली शेकोटी भिंतीच्या मधोमध नाही, खोलीच्या कोपऱ्यात आहे, कारण स्वीडनकडे तशीच बांधत. परक्या मुलुखात नवं घर घेताना देव्हारा कुठे ठेवायचा यावर ज्यांनी घरात खल केला आहे, त्यांना हा कोपरा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अशा घराचा वैरी म्हणजे ओल. कुजायला लागतो तो जमिनीलगतचा, सगळ्यात खालचा ओंडका, आणि वरून तो बराच काळ धडधाकट दिसतो. फटी सिमेंटनं बुजवल्या की पाणी आत कोंडतं आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. त्यामुळे जाणकार कारागीर लागतात, पैसा लागतो आणि तोही सतत. एकदा देणगी देऊन भागत नाही.

तेव्हा संग्रहालय उघडं असेल त्या दिवशी मुलांना घेऊन जा, मराठी शाळेची सहल तिथे न्या. तिथल्या स्वयंसेवकांना भेटा. आपल्यात हिशेब पाहणारे आहेत, अनुदानाचे अर्ज लिहिणारे आहेत, जुने कागद नीट स्कॅन करून ठेवणारे तर घरोघरी आहेत. महिन्याचे दोन तास द्या. लेनापेंची बाजूही तिथे ठळकपणे सांगितली जावी, असा आग्रह धरा. घर टाऊनशिपच्या ताब्यात आहे. अप्पर डार्बीत राहणाऱ्यांनी बजेटच्या सभेला जावं, बोलायला वेळ मागावा आणि तळाच्या ओंडक्यांची तपासणी यंदा कधी होणार, हे उभं राहून विचारावं.